लोकलच्या गर्दीत विणकामासाठी कोणत्या सुया वापराव्यात?

प्रश्न
मी अंबरनाथहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत रोज लोकलने ये-जा करते. सकाळची गाडी अंबरनाथहूनच सुटत असल्यामुळे महिलांच्या डब्यात जागा मिळते; संध्याकाळी मात्र बहुधा चौथ्या सीटवर (तिघींच्या बाकाच्या कडेला जेमतेम टेकून) किंवा उभ्यानेच यावे लागते. बहिणीला डिसेंबरमध्ये बाळ होणार असल्याने टोपडे, मोजे आणि स्वेटर विणण्याचा विचार आहे. घरी १० नंबरच्या लांब सुया आहेत, परंतु त्या शेजारणीला टोचतील अशी भीती वाटते. अनुभवी भगिनींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर
लांब सुया घरीच ठेवाव्यात. त्याऐवजी त्याच जाडीची, म्हणजे ३.२५ मिलिमीटरची, ६० सेंटिमीटर लांबीची गोल सुई, म्हणजे लवचीक वायरने जोडलेल्या दोन आखूड सुया, घ्यावी. ती फक्त गोल विणण्यासाठीच असते असा अनेकींचा समज आहे. प्रत्यक्षात तिच्यावर उलटसुलट ओळी नेहमीसारख्याच विणता येतात. दोन्ही टोके आखूड असल्याने कोपरे अंगाशी राहतात, विणलेल्या भागाचे वजन मांडीवर पडते आणि दुसरी सुई बाकाखाली घरंगळण्याचा प्रश्नच उरत नाही. लोकर डाव्या हाताच्या तर्जनीवर धरून विणण्याची सवय केल्यास उजव्या हाताची हालचाल आणखी कमी होते.

दुसरे उत्तर
वरील सूचना सकाळसाठी उत्तम आहे, पण चौथ्या सीटवर मला क्रोशाच अधिक सोयीचा वाटतो. सुयांवर सगळे टाके उघडे असतात, त्यामुळे एक टाका निसटला तर तो खालपर्यंत शिडीसारखा उसवत जातो. क्रोशाच्या सुईवर एकच टाका उघडा असल्याने गाडीचा धक्का बसला तरी फारसे बिघडत नाही. लोकर थोडी जास्त लागते, एवढे ध्यानात ठेवावे. उभ्याने मात्र काहीही विणू नये, असे मी आग्रहाने सांगेन. दोन्ही हात गुंतलेले असताना ब्रेक लागला, तर आधाराची कडी धरायला हातच मोकळा राहत नाही आणि टोकदार सुई कुणाच्याही डोळ्याला लागू शकते.

तिसरे उत्तर
सुयांइतकाच कामाचा विचारही करावा. स्वेटरची पाठ व पुढचे भाग घरी विणावेत आणि बाह्या, टोपडे, मोजे प्रवासासाठी ठेवावेत, कारण हे तुकडे पर्समध्ये मावतात. ज्या नक्षीत दर ओळीला कागद पाहावा लागतो, ती गाडीत घेऊ नये. सगळ्या ओळी सुलट असलेली साधी वीण गप्पा मारतानाही बिनचूक होते आणि लवचीक असल्याने बाळाला ती चांगली बसते. मोज्यांना जाळीची वीण टाळावी, तिच्यात बाळाची बोटे अडकतात. लोकरीचा गुंडा चेन असलेल्या छोट्या पिशवीत ठेवून फक्त धागा बाहेर काढावा, म्हणजे फिकट लोकरही मळत नाही. ओळ अर्धवट ठेवून उठल्यास टाके निसटतात, म्हणून जाताना भायखळा आणि येताना विठ्ठलवाडी ही उतरण्याच्या थोडी आधीची स्थानके गेल्यावर नवी ओळ सुरू करू नये.