उत्तर: दुसऱ्याची गाणी, आपला गळा

अमेरिकन गायिका जोन बाएझ यांच्या १९६८ सालच्या 'एनी डे नाऊ' या दोन तबकड्यांच्या संचात सगळी गाणी कवी-गायक बॉब डिलन यांचीच असल्याने त्यात गायिकेचे स्वतःचे काही उरत नाही, हे आपण मांडलेले मत मला पटत नाही. नॅशव्हिल या अमेरिकेतील संगीतनगरीच्या कसलेल्या वादकांचा ताफा हाताशी असताना 'टिअर्स ऑफ रेज' हे गाणे (ज्याच्या रचनेत डिलन यांच्यासोबत संगीतकार रिचर्ड मॅन्युएल यांचाही वाटा आहे) बाएझ एकाही वाद्याविना गातात. श्वास घेण्याच्या जागाही ऐकू याव्यात इतका तो आवाज उघडा आहे. तो निर्णय कवीचा नव्हे, गाणारीचा आहे.

आम्हा सांगलीकरांना तर याचे नवल वाटू नये. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव लावण्या रचत आणि पवळाबाई त्या फडावर उभ्या करत. त्याआधी शाहीर होनाजींच्या रचनांना त्यांचे साथीदार गायक बाळा यांचा गळा लाभला, आणि लोकांनी 'होनाजी बाळा' अशी दोघांची नावे एका दमात घेतली. आमच्या भागातील एका जत्रेत मी तुणतुण्यावर साथ धरलेल्या एका वृद्ध गायकाला बापूरावांच्या लावणीतील एकच ओळ तीनदा घोळवताना ऐकले आहे, आणि तिसऱ्या वेळी शृंगाराची ती ओळ चक्क विरहाची वाटली. शब्द एकही बदललेला नव्हता.

संचातील काही गाणी एकसुरी झाली आहेत, हा आपला दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे.