छायाचित्रातील बंदर कसे ओळखावे?

प्रश्न: स्कॉटलंडमधील एका बंदराचे जुने छायाचित्र हाती आले आहे. त्यात धक्क्यावर पिंपांच्या रांगा, हेरिंग मासे साफ करणाऱ्या स्त्रिया आणि मागे शिडांच्या होड्या दिसतात. परंतु गावाचे नाव किंवा साल कोठेच लिहिलेले नाही. ते कसे ठरवावे?

पहिले उत्तर: भिंगाने होड्यांवरील अक्षरे पाहावीत; होडीची नोंद कोणत्या बंदरात झाली ते त्यांवरून कळते. ‘डब्ल्यू के’ म्हणजे विक हे बंदर आणि ‘के वाय’ म्हणजे कर्कॉडी. मात्र अँस्ट्रुथर, पिटनवीम येथील होड्याही ‘के वाय’खालीच नोंदल्या जात.

दुसरे उत्तर: अक्षरांवर एवढा भरवसा नको. हेरिंगच्या मागे या होड्या उत्तरेकडील शेटलंड बेटांपासून पार इंग्लंडातील यारमथपर्यंत जात आणि स्त्रियाही रेल्वेने तेथे पोहोचत, त्यामुळे अक्षरांवरून होडीचे गाव कळते, बंदर नव्हे. त्यासाठी दीपगृह आणि धक्क्याचे वळण पाहावे. स्त्रियांच्या बोटांना चिंध्या आहेत का? सुरी आणि मीठ यांपासून बचावासाठी त्या बांधत. त्या तिघी-तिघींच्या गटाने काम करत; दोघी मासे चिरत, तिसरी पिंपात रचत असे.

प्रश्नकर्ता: चिंध्या आहेत. अक्षरे ‘के वाय’ आहेत, पण कडेच्या एका होडीला धुराडे दिसते.

पहिले उत्तर देणारे: मग ती वाफेवरची होडी, छायाचित्र बहुधा १९०० नंतरचे असावे.