जुन्या चित्रपटगृहातील स्पीकर आणि पडदा: विकण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न: बंद पडलेल्या चित्रपटगृहातून मला आल्टेक लान्सिंगचे दोन ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ स्पीकर आणि सच्छिद्र पडदा मिळाला आहे. एका हॉर्नचा (स्पीकरच्या कर्ण्यासारख्या भागाचा) आवाज खरखरीत येतो. तो दुरुस्त करावा की आहे तसाच विकावा?

प्रतिसाद १: कृपया स्पीकर उघडण्याची घाई करू नका. आधी तारा सोडवून मल्टिमीटरने ड्रायव्हरचा (हॉर्नमागे बसवलेल्या, आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा) रोध मोजा. १६ ओहमच्या ड्रायव्हरचा आकडा त्याहून कमी येणे स्वाभाविक आहे, मात्र मीटर काहीच दाखवत नसेल तर त्यातील कॉइल (तारेचे वेटोळे) तुटलेली असण्याची शक्यता मोठी. त्यातील अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूच्या) चुंबकाची जुळणी सुटी केल्यास चुंबकशक्ती घटते, म्हणून तिला अजिबात हात लावू नका. मूळ डायाफ्रॅम (कंप पावून आवाज काढणारी पातळ चकती) खराब निघाला तरी फेकू नका. जाणकार ग्राहक त्याचीच चौकशी आधी करतो.

प्रतिसाद २: पडद्याची घडी घालू नका, कारण तिची रेघ सहसा जात नाही, रुंद नळीवर सैलसर गुंडाळा. चंदेरी लेप असेल तर ओले फडके लावू नका, पुसलेली जागा प्रकाशझोतात डागासारखी दिसते.

प्रश्नकर्ता: मोजले. एक ड्रायव्हर ११ ओहम दाखवतो, खरखरणाऱ्याचा आकडा मात्र तार हलताच बदलतो.

प्रतिसाद १: मग दोष बहुधा जोडणीत आहे. टर्मिनल स्वच्छ करून पुन्हा मोजा.