सोलर हीटरवाल्यांनी मिळून चाचणी करावी, की हा नुसता स्टिकरचा धंदा?

होटगीरोडकर (धागाकर्ता)
मागच्या महिन्यात गच्चीवरच्या सोलर हीटरच्या काचेच्या 15 पैकी 4 नळ्या एका दुपारीच फुटल्या. विकणारा म्हणाला, "टाकी कोरडी पडू दिलीत, वॉरंटीत बसत नाही." सोलापुरात टाकी कोरडी पडणं हा गुन्हा असेल तर अख्खं गाव आत जाईल! आपल्याकडे नळाला रोज पाणी येतं का?

भारतीय मानक ब्युरोने 2016 साली या नळीवाल्या हीटरसाठी तीन मानकं काढली: टाकीला आयएस 16542, नळीला 16543, अख्ख्या सिस्टीमला 16544. कागद आहेत. पण आमचं बोअरचं जड पाणी आणि चार दिवस रिकामी टाकी घेऊन हीटर कोण तपासतो? माझं म्हणणं, जिल्ह्यातल्या बनवणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी आणि सूत रंगवणाऱ्या डाईंगवाल्यांनी वर्गणी काढून ही चाचणी स्वतः करून घ्यावी. पुणे विद्यापीठाच्या ऊर्जा अभ्यास विभागात सोलरच्या चाचण्या होत आल्यात, त्यांचा सल्ला घ्यावा. युरोपात उद्योगानेच पुढाकार घेऊन 2003 मध्ये 'सोलर कीमार्क' हा तपासणीचा शिक्का आणला. एकदा तपासलं की दुसऱ्या देशात पुन्हा तपासायला नको.

टाकीवाला_चिंचोळी
काय बोलूलालाव ओ! नळ्या मी बाहेरून आणतो, टाकी इथे वळवतो, चार पोरं कामाला. 100 लिटर, 150, 200, 300, प्रत्येक मॉडेलला फी भरायची तर मी टाकी विकू की शेड? अशा कमिट्यांत मोठ्या कंपन्या बसतात आणि स्वतःच्या मालाच्या मापाने नियम शिवून घेतात. छोटा आपोआप बाहेर. तुमची नळी फुटली त्याला मानक काय करणार?

होटगीरोडकर
प्रत्येक मॉडेल नाही तपासत. एकाच घडणीच्या लहानमोठ्या मापांतली निवडकच घेतात. आणि कीमार्कमध्ये नमुना कंपनीने पाठवलेला चालत नाही. तपासनीस कारखान्यात येऊन स्टॉकमधून उचलतो. खरं दुखणं तिथेच आहे, नाही का?

आयटीआयचा_मास्तर (निवृत्त)
भांडण जरा थांबवा. नळी कशी फुटते ते बघा. वरची थंड पाण्याची टाकी संपली, सोलरच्या थंड लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) नाही, आणि त्याच लाइनवर खालच्या बाथरूमचा नळ. तो उघडला की सोलरच्या टाकीतलं पाणी उलटं खाली उतरतं. नळ्यांत उरलेलं तीन-चार दिवसांच्या उन्हात वाफ होऊन जातं. कोरडी काच 200 अंशांच्या वर तापते. मग भर दुपारी पाणी येतं, आपण आनंदाने मोटर लावतो, आणि चट्ट!

तेव्हा 150 लिटरच्या हीटरचा जीव शेवटी एका व्हॉल्व्हवर. मी आतापर्यंत उघडलेल्या दहा-बारा तक्रारींत माल वाईट दोनदाच निघाला, बाकी सगळी फिटिंगची करामत. प्रमाणपत्र द्यायचंच तर फिटरला द्या.

अक्कलकोट_रोड_डाईंग
मास्तर, घरचं ठीक आहे. आमचा हिशेब वेगळा. टॉवेलच्या सुताला रिॲक्टिव्ह रंग द्यायचा तर पाणी 60 अंश लागतं, काही रंगांना 80. तेवढ्यासाठी बॉयलरला लाकूड जळतं. सोलरवाला येतो आणि म्हणतो, "60 अंश देतो." कधी देतो? एप्रिलच्या दुपारी, की डिसेंबरच्या सकाळी सहाला? पाणी जितकं जास्त तापवायचं तितकी कलेक्टरमधून, म्हणजे ऊन झेलणाऱ्या भागातून, उष्णता बाहेर जाते, ते कोणी बोलत नाही. मला प्रमाणपत्राचा स्टिकर नको, आकडा पाहिजे. अमुक तापमानाला वर्षाला इतकी उष्णता. सही करून.

होटगीरोडकर
कीमार्कच्या पत्रकात तसाच आकडा असतो! 25, 50 आणि 75 अंशांना वर्षाचं उत्पन्न, चार गावांसाठी: अथेन्स, दावोस, स्टॉकहोम, वुर्झबर्ग.

अक्कलकोट_रोड_डाईंग
म्हणजे स्टॉकहोममध्ये टॉवेल रंगवायचे झाले तर उत्तर तयार आहे. सोलापूरचा रकाना कोण भरणार? त्यासाठी मी वर्गणी देईन. स्टिकरसाठी एक रुपया नाही.

गच्चीवर_पॅनल
2014 ला हीटरचं अनुदान बंद झालं तेव्हाच हा विषय संपला. वीज देणारी पॅनल लावा, गिझर लावा, कोरड्या टाकीचं झंझट नाही.

आयटीआयचा_मास्तर
ऊन सरळ पाण्यात घेतलं तर त्यातला निम्म्याच्या आसपास भाग उष्णता होतो, पॅनल विजेत पाचव्या हिश्श्याच्या आसपास बदलतं. गच्ची छोटी असेल तर हिशेब करून बघा.

टाकीवाला_चिंचोळी
मास्तरांचं फिटिंगचं मान्य. माझ्याही दोन तक्रारी अशाच निघाल्या, पैसे मात्र मी भरले. पण वर्गणीला माझा विरोध कायम. पैसे कोणाच्या खात्यात, निकाल कोण छापणार, हे आधी लिहून पाहिजे. माझी टाकी नापास झाली आणि शेजाऱ्याच्या जाहिरातीत आली तर?

होटगीरोडकर
मग वर्गणी राहू द्या. माझी गच्ची घ्या. तीन हीटर, नावं झाकलेली, बोअरचं पाणी, चार दिवस कोरडे. पाचव्या दिवशी भरायचे. मास्तर नोंद ठेवतील.

टाकीवाला_चिंचोळी
एक पाठवतो. व्हॉल्व्ह माझा, फिटर माझा. भरणार किती वाजता?

होटगीरोडकर
नळाला पाणी येईल तेव्हा.

आयटीआयचा_मास्तर
पहाटे आलं तर एकही फुटणार नाही आणि तुम्ही तिघंही पास व्हाल. दुपारी एकला भरा. चष्मा लावून या, काच उडते.