मदत हवी आहे: ॲस्ट्रो बॉयची मूळ मांगा कुठल्या क्रमाने वाचावी?

नमस्कार मंडळी, इथे कोणी जुनी मांगा (जपानी कॉमिक्स) वाचणारे असतील तर प्लीज सांगा. ओसामु तेझुकांचा ॲस्ट्रो बॉय हा रोबो मुलगा, म्हणजे जपानीतला तेत्सुवान आतोमु, भाचीबरोबर सुरुवातीपासून वाचायचाय. ती दहा वर्षांची आहे, दिवसभर चित्रं काढत असते. मी तेझुकांचं ‘बुद्ध’ वाचलंय आणि तेव्हापासून हा माणूस डोक्यात पक्का बसलाय.

पहिली अडचण क्रमाची. १९५१ मध्ये ‘शोनेन’ मासिकात आतोमु पहिल्यांदा आला तो ‘आतोमु ताइशी’ या गोष्टीतलं एक पात्र म्हणून, पृथ्वीवरची माणसं आणि हुबेहूब त्यांच्यासारखेच दिसणारे परग्रहावरचे लोक यांच्यात समेट घडवणारा, आणि मग एप्रिल १९५२ पासून त्याच्याच नावाने मालिका सुरू झाली ती पार १९६८ पर्यंत चालली. त्याच एप्रिलमध्ये जपानवरचा अमेरिकी ताबा संपला, त्यामुळे हा समेटवाला रोबो मला फार महत्त्वाचा वाटतो. पण डार्क हॉर्स या अमेरिकी प्रकाशकाचे इंग्रजी २३ भाग या क्रमाने नाहीतच! पहिल्या भागात सुरुवातीलाच जी जन्मकथा आहे ती तेझुकांनी १९७५ मध्ये काढलेली. मग छापलेल्या क्रमाने वाचायचं की जुन्या गोष्टी शोधून आधी वाचायच्या? कोणी तसं वाचलंय का?

दुसरं म्हणजे वय. गोष्टीतला शास्त्रज्ञ डॉ. तेनमा, त्याचा मुलगा तोबिओ गाडीच्या अपघातात जातो, म्हणून तो तस्साच रोबो बनवतो, तोच आतोमु, आणि रोबो काही मोठा होत नाही म्हणून चिडून त्याला सर्कशीला विकून टाकतो. एवढं नुसतं तोंडी सांगितलं तर पोरगी गप्पच झाली, मग म्हणाली, “मामा, ते त्याला परत न्यायला आलेच नाहीत का?” पुढे प्रोफेसर ओचानोमिझु त्याला सोडवतात हे सांगितलं तेव्हा कुठे जेवायला बसली. अशा गोष्टी तिच्यापासून लपवायच्या नाहीत मला, रोबोंना माणसासारखी वागणूक का मिळत नाही हाच तर या मांगाचा जीव आहे. फक्त फार हिंसक कुठल्या आहेत ते आधी कळलं तर शेजारी बसून वाचता येईल.

तिसरं, नाओकी उरासावांची ‘प्लूटो’ ही मांगा आतोमुच्या ज्या गोष्टीवरून आली ती १९६४-६५ ची जगातल्या सगळ्यात बलवान रोबोची गोष्ट. माझ्या मते मूळ गोष्ट आधी वाचायला हवी, कारण लाख हॉर्सपॉवरचा आतोमु दहा लाखवाल्या प्लूटोसमोर उभा राहतो तरी प्लूटो आपल्याला दुष्ट वाटत नाही, त्याला बनवणाऱ्यांचाच राग येतो. तुमचं काय मत?

आणि जपानमध्ये राहणाऱ्यांना एक विनंती, ताकाराझुकाच्या तेझुका म्युझियममध्ये कोणी गेलं असेल तर तिथे इंग्रजी-जपानी दोन्ही भाषांतली प्रत मिळते का? मराठीत किंवा हिंदीत अनुवाद कोणी पाहिला असेल तर तेही कळवा. ई-बुक चालेल, पण तिला चित्रं गिरवायची असतात त्यामुळे छापील मिळालं तर फारच बरं. दिवाळीच्या सुट्टीत सुरू करायचा विचार आहे.