जुन्या लेथच्या कॅरेजला मायक्रोमीटर स्टॉप बनवायचाय, बॉडी कशाची आणि व्ही कसा कापायचा?

माळावरचा_लेथ
नमस्कार मंडळी. माझ्याकडे साडेचार फुटी जुना राजकोटचा लेथ आहे. मशीन दणकट आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण कॅरेजच्या (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) हँडव्हीलला डायलच नाही, नुसतं चाक. क्रॉस स्लाइडला आहे, कंपाऊंडला आहे, लांबी मात्र अंदाजपंचे. सध्या पंपाचे कॉलरवाले बुश करतोय गनमेटलचे, कॉलरच्या मागची लांबी २२ मिमी आणि त्यात प्लस मायनस पॉइंट झिरो थ्री मागतात. कंपाऊंड सरळ करून, दरवेळी व्हर्नियरची शेपटी लावून, परत थोडं घेऊन असं चाललंय, वैताग येतो नुसता.

डोक्यात असं आहे की ०-२५ चं मायक्रोमीटर हेड घ्यायचं आणि एमएसचा (माइल्ड स्टीलचा) एक ठोकळा बेडच्या पुढच्या व्हीवर (बेडवरची उलट्या व्ही आकाराची कड) क्लॅम्प करून त्यात ते बसवायचं, म्हणजे सॅडल (कॅरेजचा बेडवर बसणारा भाग) येऊन त्याला टेकेल. मिलिंग माझ्याकडे नाही, पण शेजारच्या गाळ्यात शेपर (रॅमवरचं टूल पुढेमागे नेऊन कापणारं मशीन) आहे आणि मालक ओळखीचा आहे. तर ठोकळा एमएसचा चालेल का बिडाचाच हवा, व्ही नेमका कसा काढायचा, हेडचं भोक बेडला समांतर कसं आणायचं, आणि ऑटो फीडवर हा स्टॉप चालतो का? जमेल तेवढं सविस्तर सांगा.

टूलरूम_भोसरी
शेपर आहे म्हणजे काम झालं. फक्त क्रम उलटा कर. लोक आधी व्ही कापतात आणि मग भोक समांतर आणायला झगडत बसतात. तू आधी ठोकळा चौकोनी करून घे, मग हेडच्या स्टेमचं (हेड धरायचा गोल भाग) भोक मार, ९.८ चं ड्रिल आणि १० चा रीमर (स्टेम आधी मोजून घे, ९.५ आणि १२ ची पण हेडं येतात). आता त्या भोकात १० मिमीचा सिल्व्हर स्टीलचा रॉड घाल, दोन्हीकडून बाहेर येईल असा. ठोकळा शेपरच्या व्हाइसमधे धर, डायल गेज रॅमला लाव आणि रॅम हाताने पुढेमागे करत रॉडवर फिरव, वरून पण आणि बाजूने पण. डायल हलत नाही म्हणजे भोक रॅमच्या चालीला समांतर झालं. त्यानंतर ठोकळ्याला हात लावायचा नाही, त्याच सेटिंगमधे टूलहेड ४५ ला तिरकं करून व्हीची एक बाजू, मग दुसरीकडे ४५ करून दुसरी. व्ही आणि भोक आपोआप समांतर येतात.

पण ४५ धरण्याआधी तुझ्या बेडचा व्ही खरंच ९० चा आहे का ते बघ. सगळ्या लेथचा नसतो. पत्र्याचं टेम्प्लेट कापून बेडवर ठेव, मागून टॉर्च मार, कुठून उजेड येतो ते दिसतं. व्हीच्या तळाला ३ मिमीची खाच काढ म्हणजे बेडचं टोक वर लागणार नाही, आणि दोन्ही बाजूंना मधला भाग थोडा खाली घे, ठोकळा फक्त दोन टोकांवर बसला पाहिजे. चकाजवळ बेड सगळ्यात जास्त झिजलेला असतो आणि तुझा स्टॉप नेमका तिथेच बसणार, पूर्ण लांबी टेकवायला गेलास तर डुगडुगेल. शेवटी मार्किंग ब्लू लावून बघायचं आणि कानस किंवा स्क्रेपरने उंच डाग काढायचे.

बीड मिळालं तर बीडच घे. एमएस चालतं, पण बेडवर ओरखडे उठतात, मग मधे पितळी शिम द्यावी लागते.

बिनकामाचा_फिटर
एवढी सगळी उठाठेव कशाला राव. मॅग्नेटिक स्टँडला डायल गेज लाव, बेडवर ठेव, सॅडलला टेकव, झालं. तेवढ्या लांबीला प्लंजरची चाल पुरत नसली तर २० ची स्लिप गेज मधे धर. पाच मिनिटात लांबी मिळते.

आणि समांतरबद्दल टूलरूमवाले उगाच घाबरवतात. हेड अख्खं १ अंशाने तिरकं बसलं तरी २५ मिमीच्या पूर्ण चालीत फरक ४ मायक्रॉनच्या आतच राहतो, कोसाइन काढून बघा. तुझ्या बुशला तीस मायक्रॉनची सूट आहे. नजरेला सरळ दिसलं म्हणजे पुरे.

टूलरूम_भोसरी
आकडा बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण रॉड घालून सेटिंग करायला पंधरा मिनिटं लागतात आणि पुढे कायमचा प्रश्न मिटतो, मग वाकडं कशाला करायचं? आणि डायल गेज फक्त दाखवतं, थांबवत नाही. शंभर बुश करताना दरवेळी काट्याकडे बघत चाक फिरवायचं आणि एकदा नजर हलली की शोल्डर (कॉलरची पायरी) गेलाच.

जुना_टर्नर
शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यावर कोणीच बोललं नाही. ऑटोवर हा स्टॉप अजिबात वापरायचा नाही. हाफनट (कॅरेज लीडस्क्रूला अडकवणारा नट) लावून आटे काढताना तर नावच घेऊ नका. काही मशीनला ॲप्रनमधे (कॅरेजची पुढची पेटी) स्लिप क्लच असतो, लोड आला की फीड सुटतं, पण जुन्या लेथला तो असेलच असं नाही, आणि असला तरी किती जोराला सुटतो देव जाणे. मायक्रोमीटरच्या आत अर्ध्या मिलिमीटर पिचचा नाजूक आटा असतो, लीडस्क्रू त्याला सहज चिरडून टाकेल. पद्धत अशी, ऑटोने यायचं, दीड-दोन मिलिमीटर आधी ऑटो तोडायचं आणि उरलेलं हाताने नेऊन अलगद टेकवायचं.

टेकवायचं म्हणजे धडक नाही. चाक जोरात दाबलं तर ठोकळा, क्लॅम्प, सॅडल सगळं थोडं थोडं दबतं आणि दर वेळी लांबी वेगळी येते. त्यासाठी मायक्रोमीटरचं स्पिंडल (आतबाहेर होणारी दांडी) बेडच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवा, वर नेलं की ठोकळा मागे झुकतो. तयार झाल्यावर सॅडलच्या दुसऱ्या बाजूला डायल लावून दहा-बारा वेळा टेकवून बघा. काटा एका रेघेत परत येत असेल तर तुमचा हात बसला. जास्त फिरत असेल तर आधी कचरा बघा, सॅडल आणि स्पिंडलच्या मधे गनमेटलची एक चिप आली की सगळं गणित बिघडतं. दर पासला बोटाने नाही, ब्रशने झाडायचं.

सॅडलच्या बाजूला कच्चं कास्टिंग असतं, रंग लावलेलं. तिथे स्पिंडल टेकवू नका. एक उथळ बोअर करून बेअरिंगची ८ मिमीची गोळी लॉकटाइटने बसवा. स्पिंडलचा तोंडाचा भाग सपाट असतो, समोर गोल आला की टेकण एकाच बिंदूवर येतं. सपाटाला सपाट दिलं तर दोन तोंडं जराही तिरकी असली की स्पिंडल फिरवल्यावर टेकण्याची जागा सरकते.

अजून एक, थिंबल (मायक्रोमीटरचा हाताने फिरवायचा, रेघा असलेला भाग) चकाच्या बाजूला येतं. चक फिरत असताना तिथे हात घालून आकडा बदलायचा नाही. मशीन बंद करायचं, मग फिरवायचं.

भंगारप्रेमी
नवीन हेड घ्यायच्या आधी हे वाच. जुना बाजारात (आमच्या पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरतो) फ्रेम वाकलेले, ॲन्व्हिल (स्पिंडलसमोरचं स्थिर टोक) गेलेले मायक्रोमीटर पडलेले असतात, स्पिंडल फिरवून बघायचं, गुळगुळीत फिरतंय ना आणि आटा खेळत नाही ना, एवढंच बघायचं. फ्रेम हॅकसॉने कापायची आणि बॅरलजवळचा जो तुकडा राहतो तो लेथवर गोल टर्न केला की तोच स्टेम होतो. टर्न करताना स्पिंडल आणि थिंबल काढून ठेव, नाहीतर बारीक चिप्स आत शिरतात.

याचा एक फायदा कोणी सांगत नाही. विकतच्या काही हेडांवर स्पिंडल बाहेर आलं की आकडा वाढतो. स्टॉपवर स्पिंडल बाहेर आलं म्हणजे सॅडल आधीच थांबणार, म्हणजे शोल्डर छोटा. आकडा वाढला की लांबी कमी, डोक्याला ताप. बाहेरून मोजायच्या मायक्रोमीटरचं उलट असतं, स्पिंडल आत गेलं की आकडा वाढतो. तेच इथे बसवलं की आकडा वाढला म्हणजे लांबी वाढली. १८.४० वर कट मारला, जॉब मोजला, १५ पॉइंट (०.१५ मिमी) कमी आला तर थिंबल १८.५५ ला न्यायचं, विचारच करायचा नाही.

थिंबलवर ५० रेघा, एक रेघ पॉइंट झिरो वन. इंचाचा मिळाला तर २५ रेघा असतात आणि रेघ एक थाऊची (इंचाचा हजारावा भाग). तुझं ड्रॉइंग मिमीत आहे, तर इंचाचा स्वस्त मिळाला तरी घेऊ नको.

माळावरचा_लेथ
बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, सगळ्यांचे आभार. टर्नर काका, ऑटोचं लक्षात ठेवतो, भाच्याला पण वाचायला दिलंय कारण तो पण मशीनवर असतो. भंगारप्रेमी भाऊ, माझ्याकडे वडिलांचा एक मायक्रोमीटर पडून आहे, त्याचं ॲन्व्हिल कधीच तुटलंय, तोच कापतो. बिडाचा तुकडा पण मिळेल, कोल्हापूरला उद्यमनगरात पाहुणे आहेत फाउंड्रीत.

एक अडचण आहे. खालून क्लॅम्पची पट्टी लावायची म्हटली तर बेडच्या पुढच्या कडेखाली रॅक (कॅरेज चालवणारी दातेरी पट्टी) आहे, पट्टी रॅकला अडते. मग काय, वरूनच ग्रब स्क्रूने (बिनडोक्याचा स्क्रू) दाबू का?

जुना_टर्नर
ग्रब स्क्रू बेडवर नको, खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांवरून उद्या सॅडल जाणार आहे. पट्टीला रॅकच्या जागी पायरी काढा, रॅक चुकवून मागे बेडच्या सपाट खालच्या बाजूला ती टेकली पाहिजे. बोल्ट एकच, एम८ ॲलन, व्हीच्या शक्य तितक्या जवळ. आणि सॅडलच्या खाली जी कीपर पट्टी असते ती किती खाली येते ते आधी मोजा, नाहीतर सॅडल स्पिंडलला टेकायच्या आधी तुमच्या क्लॅम्पला टेकेल.

टूलरूम_भोसरी
+१. आणि हेडच्या भोकाला चीर देऊन एम५ ने आवळ, ग्रब स्क्रू तिथेही नको. थिंबल जड फिरायला लागलं की समज जास्त आवळलंस, पाव आटा मागे घे. ठोकळा शेपरवर चढवशील तेव्हा फोटो टाक, रॉड घातलेला दिसला पाहिजे, फिटर साहेबांना दाखवायचाय.

बिनकामाचा_फिटर
दाखवा दाखवा. मी तोवर माझ्या डायल गेजवर दोन लॉट काढतो.