शिक्क्यांवर विसंबू नका

पासपोर्टवरचे शिक्के बघून परदेशातल्या वर्षांच्या तारखा नंतर जुळवता येतात, असं म्हणतात, पण ते जुन्या पासपोर्टांपुरतंच खरं. हाँगकाँगने २०१३ पासून पाहुण्यांना शिक्का मारणं बंद केलं, नुसती चिठ्ठी देतात. शेंगेन देशांनीही (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्यांऐवजी संगणकी नोंद सुरू केली. पावत्यांवरही भिस्त नको. त्यांच्या थर्मल कागदावर शाई नसतेच, उष्णतेने कागदाचा लेप काळा होतो. ऊन आणि मऊ प्लॅस्टिकची पाकिटं ती अक्षरं पुसट करतात. लॅमिनेशन केलंत तर अख्खी पावती काळी! त्याच दिवशी फोटो काढलेला बरा. फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेला लावा, नाहीतर घड्याळ भारतीय वेळेवरच राहून टोकियोत मध्यरात्रीनंतर साडेतीनपर्यंत काढलेले फोटो आदल्या तारखेत जातात.

राहिल्या तिथल्या नोंदींच्या वह्या. मुंबईत जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवल्या की बुरशी ठरलेली. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) पुरतं, पण वह्या पावसाळ्याआधीच, कोरड्या असताना भरायच्या. दमट वही कोंडली तर ओल आतच राहते. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे कधी वाळवायचं ते कळतं.